शिकार प्यूमाची, पंगत साऱ्यांची: टेटनच्या डोंगरांतील एक प्रकरण

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला जॅक्सन होल नावाचे लांबट सपाट खोरे आहे. पश्चिमेला ग्रँड टेटनचे सुळके, पूर्वेला ग्रो व्हाँटचे डोंगर आणि मधून वाहणारी स्नेक नदी. या खोऱ्यात प्यूमा, लांडगे, ग्रिझली अस्वले आणि काळी अस्वले असे चार मोठे मांसाहारी एकाच वेळी नांदतात. अलास्का सोडली तर अमेरिकेत असे मुलूख फार थोडे उरले आहेत. म्हणूनच प्यूमाचे अन्नसाखळीतले नेमके स्थान कोणते, हा प्रश्न विचारायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

प्यूमा म्हणा, कुगर म्हणा की माउंटन लायन म्हणा, जनावर एकच. नर साधारण साठ-सत्तर किलोचा, मादी चाळीस-पन्नास किलोची. एकट्याने हिंडणारे, दबा धरून झडप घालणारे. एल्क हे सांबराहून मोठे हरीण, पूर्ण वाढलेली मादी दोनशे किलोंच्या पुढे जाते. एकटा प्यूमा ते पाडतो. आपल्यापेक्षा चार-पाच पट वजनाचे जनावर एकट्याने मारणारा प्राणी अन्नसाखळीच्या मनोऱ्याच्या टोकावर बसवायला कोणाची हरकत असणार? पाठ्यपुस्तकांत तो तिथेच बसलेला असतो. टेटनमध्ये सोळा-सतरा वर्षे चाललेल्या अभ्यासातून मात्र जे चित्र पुढे आले ते त्या मनोऱ्यात मावत नाही, आणि मला ते मनोऱ्यापेक्षा कितीतरी अधिक मोलाचे वाटते.

आधी काय होते

यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झाले, पण त्या काळच्या समजुतीप्रमाणे उद्यान म्हणजे हरणे, गवे आणि गरम पाण्याचे फवारे. त्यांना मारून खाणारे प्राणी 'उपद्रवी' ठरले. सरकारी माणसांनीच सापळे लावले, विष घातले, कुत्रे सोडले. १९२६च्या सुमारास उद्यानातले लांडगे संपले. प्यूमाही शंभरावर मारले गेले आणि काही दशके ते तिथून जवळजवळ नाहीसे झाले. वायोमिंगमध्ये १९७०च्या दशकापर्यंत प्यूमा कोणीही, केव्हाही मारू शकत असे. पुढे त्याला शिकारीच्या नियमांखाली आणले गेले आणि उरल्यासुरल्या दुर्गम डोंगरांतून तो आपल्या पायांनी परत आला. लांडग्याला मात्र माणसाने आणले. १९९५ साली कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातून १४ आणि १९९६ साली ब्रिटिश कोलंबियातून १७ लांडगे यलोस्टोनमध्ये सोडले गेले. त्याच दशकाच्या अखेरीस त्यांची संतती दक्षिणेकडे जॅक्सन होलमध्ये पोचली.

मधली काही वर्षे म्हणजे प्यूमा परतलेला आणि लांडगा अजून न आलेला, असा काळ होता. त्या वर्षांत त्या डोंगरांतला सर्वांत समर्थ शिकारी खरोखरच प्यूमा होता. अस्वले त्याची शिकार हिसकावत, पण वर्षातले चार-पाच महिने ती झोपलेली असत. यानंतर काय बदलले, हेच या प्रकरणाचे मर्म आहे.

कामाची रीत

टेटन कुगर प्रकल्प २००० च्या सुमारास सुरू झाला. पुढे पँथेरा ही रानमांजरांसाठी काम करणारी संस्था आणि मार्क एल्ब्रॉक हे शास्त्रज्ञ त्याच्याशी जोडले गेले. हिवाळ्यात ताज्या बर्फावरचा माग काढायचा, शिकवलेल्या कुत्र्यांच्या मदतीने प्यूमाला झाडावर चढवायचे, भूल देऊन गळ्यात जीपीएस कॉलर बांधायची, ही पहिली पायरी. कॉलर ठरावीक तासांनी ठिकाण कळवते. प्यूमा एका जागी काही तास रेंगाळला की नकाशावर ठिपक्यांचा पुंजका दिसतो. मग तो प्राणी दूर गेल्यावर माणसे तिथे जातात: शिकार कशाची, नर की मादी, वय किती, किती खाल्ली, वर माती-पाला किती ओढला. बऱ्याच ठिकाणी हालचाल टिपणारे व्हिडिओ कॅमेरे लावले गेले. प्यूमाच्या आहाराबद्दलचे बरेचसे जुने ज्ञान मेलेल्या प्यूमांच्या पोटातून किंवा विष्ठेतून आलेले होते. या कॅमेऱ्यांनी जिवंत प्यूमा जेवताना दाखवला, आणि त्याच्याभोवती कोण कोण जेवते तेही.

प्यूमा शिकार सावलीत किंवा झुडपात ओढून नेतो. आधी छाती फोडून काळीज, यकृत, फुप्फुसे खातो. पोटातली गवताची पिशवी बाजूला काढून ठेवतो. पोट भरले की पाला, बर्फ, माती, हरणाचेच उपटलेले केस असे जे हाताशी असेल ते ओढून शिकार झाकतो आणि जवळच कुठे पडून राहतो. एल्कसारखी शिकार त्याला अनेक दिवस पुरते. पुरायला हवी, असे म्हणणे जास्त खरे, कारण ती त्याच्यापाशी तितके दिवस राहतच नाही.

ताटात किती जण

अभ्यासकांनी २४२ शिकारींवर कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा पक्षी आणि सस्तन मिळून ३९ जातींचे प्राणी प्यूमाने मारलेल्या जनावरांवर जगताना दिसले. कोल्हे, कायोटी हे लांडग्याहून लहान रानकुत्रे, डोमकावळे, मॅगपाय हे कावळ्याच्या कुळातले पक्षी, सोनेरी गरुड, टकले गरुड, दोन्ही जातींची अस्वले, आणि त्यांच्याखाली लहानसहान जिवांची मोठी रांग. अस्वले सोडली तर यांतल्या बहुतेकांना एल्क मारता येत नाही, किंवा मारायला परवडत नाही. बर्फाने चार महिने सारे झाकलेल्या मुलखात एका कोल्ह्यासाठी अशी शिकार सापडणे म्हणजे तो हिवाळा पार पडणे.

मग आले भुंगेरे. २०१६ साली प्यूमाच्या १८ शिकारींभोवती जमिनीत भांडी पुरून सहा महिने दर आठवड्याला त्यांत पडलेले भुंगेरे मोजले गेले. एकूण २४,२०९ भुंगेरे, २१५ जाती. यांत मांस खाणारे होते, मांसावरच्या अळ्या खाणारे होते, हाडे-कातडे उरल्यावर येणारेही होते. कित्येकांसाठी ते कलेवर म्हणजे नुसते खाद्य नव्हे, जोडीदार भेटण्याची आणि पिल्ले वाढवण्याची तीच एक जागा. मला या साऱ्या अभ्यासातला हा भाग सर्वांत जास्त भिडतो. प्यूमाला वाचवायचे म्हणून कोणी उभे राहिले की त्याच्या फोटोला लोक दाद देतात. पण त्याच्यासोबत या २१५ जातींचे घरही उभे राहते किंवा मोडते, हे कोणाच्या ध्यानातही नसते.

त्याच्याही खाली माती आहे. शिकारीच्या जागी रक्त, पोटातला चोथा, कुजलेले मांस जमिनीत मुरते. त्या जागच्या मातीत आणि तिथे उगवलेल्या झाडोऱ्यात नायट्रोजनचे प्रमाण आजूबाजूपेक्षा वेगळे, वाढलेले आढळले. शिवाय प्यूमा दबा धरायला ठरावीक प्रकारच्याच जागा निवडतो: झाडी आणि मोकळवनाची कड, उतार, ओढ्याचा काठ. त्यामुळे शिकारी त्याच त्या पट्ट्यांत पुन्हा पुन्हा होतात आणि खतही तिथेच पडते. तिथला पाला हरणांना अधिक सकस मिळतो. हरणे चरायला तिथे येतात.

इथे लांडग्याशी तुलना करावीच लागते. लांडग्यांचा कळप एल्क मारतो आणि दहा तोंडे मिळून त्याचा बराचसा भाग थोड्याच वेळात संपवतात. प्यूमा एकटा. तो हळू खातो, झाकतो, परत येतो, आणि बऱ्याचदा हाकलला जातो. म्हणून त्याच्या शिकारीतून इतरांच्या वाट्याला जास्त उरते आणि ते जास्त दिवस उरते. तो दुबळा आहे म्हणून त्याच्यामुळे जास्त जीव जगतात, असे हे गणित आहे. टोकावरचा शिकारी म्हणजे सर्वांत बलवान, ही समजूत इथे पुरी पडत नाही.

वरून येणारा दाब

अस्वलांपासून सुरुवात करू. यलोस्टोन आणि मोंटानातील ग्लेशियर उद्यानात केलेल्या पाहणीत प्यूमाच्या सुमारे २४ टक्के शिकारींवर अस्वले पोचलेली आढळली. हाकलला गेलेला प्यूमा त्याच्या रोजच्या गरजेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास अन्न गमावत होता. प्यूमा अस्वलाशी झगडत बसत नाही. त्याचे सारे शस्त्र म्हणजे त्याचे धड शरीर. पंजा दुखावला, दात तुटला तर पुढची शिकार नाही आणि सांभाळायला कळपही नाही. म्हणून तो उठतो आणि निघून जातो. मग पुन्हा मारतो. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो जंगलात, जिथे लांडगे नाहीत पण काळी अस्वले भरपूर आहेत, तिथे हेच स्पष्ट दिसले: अस्वलांच्या लुटीमुळे प्यूमाला शिकारीपाशी कमी वेळ मिळतो आणि तो हरणे जास्त मारतो. म्हणजे एका जंगलात प्यूमा किती हरणे मारतो, याचे उत्तर निम्मे त्याच्या भुकेत आणि निम्मे अस्वलांच्या संख्येत असते.

लांडग्याचा दाब निराळा आणि अधिक खोल. एकटा लांडगा प्यूमासमोर आला तर प्यूमा त्याला मारू शकतो, आणि मारल्याच्या नोंदी आहेत. कळपासमोर त्याच्यापुढे एकच वाट असते, झाड किंवा कडा. जॅक्सन होलमध्ये लांडग्यांचे कळप वाढत गेले तशी प्यूमांची चाल बदलली. ते अधिक चढाच्या, अधिक खडकाळ जागा धरू लागले. एल्कही बदलले. ते मोकळ्या माळावर मोठे कळप करून राहू लागले. मोकळ्या माळावर धावून दमवणाऱ्या लांडग्याचे फावते आणि दबा धरणाऱ्याची अडचण होते. प्यूमांच्या आहारात, विशेषतः उन्हाळ्यात, एल्कहून लहान अशा म्यूल हरणांचा वाटा वाढला.

खरा घाव पिल्लांवर पडला. प्यूमाची मादी एकटीच पिल्ले वाढवते. शिकारीला गेली की ती पिल्ले खडकाच्या कपारीत किंवा पडलेल्या झाडाच्या आडोशाला तासन्‌तास एकटी असतात. पहिल्या सहा महिन्यांत ती धड पळू शकत नाहीत. लांडग्यांनी त्यांना गाठून मारल्याच्या घटना एकामागून एक नोंदल्या गेल्या. लांडग्यांची संख्या जितकी जास्त, तितकी त्या वयातली पिल्ले कमी जगली. दुसरीकडे एल्कची संख्या घटली की मोठ्या प्यूमांनाही उपासमार भोवते. आणि तिसरा हात माणसाचा. टेटनच्या राष्ट्रीय उद्यानात प्यूमाच्या शिकारीला बंदी आहे, पण हद्दीबाहेर वायोमिंगमध्ये परवाना घेऊन, कुत्रे लावून त्याची शिकार कायदेशीर आहे.

या तिन्हींचा एकत्र परिणाम २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आला. सोळा वर्षांत, १४७ प्यूमांच्या नोंदींवरून, त्या भागातली प्यूमांची संख्या ४८ टक्क्यांनी घटली होती.

हा आकडा वाचून लांडग्यावर राग धरण्यात अर्थ नाही. लांडगे तिथले मूळचेच रहिवासी. हजारो वर्षे दोघे एकाच डोंगरात राहिले आणि प्यूमाचे झाडावर चढणे, खडक धरणे, शिकार झाकणे या सवयी त्याच सहवासात घडल्या असणार. पण प्यूमाची १९९०च्या सुमाराची संख्या म्हणजे त्याची 'नेहमीची' संख्या, असे धरून आखलेला शिकारीचा हिशेब लांडगे परतल्यावर लागू पडत नाही, हे मात्र या आकड्याने सिद्ध केले.

आपल्याकडे हे वाचताना बिबट्या आठवल्याशिवाय राहत नाही. ताडोब्यात वाघाच्या मुलखात बिबट्या कडेकडेने, झाडाच्या आधाराने राहतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वाघ नाही, जंगलही नाही, ऊस आहे. तिथल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातला सुमारे ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा. जनावर तेच, साखळीतली जागा दोन ठिकाणी अगदी वेगळी. प्यूमाबाबत टेटनने हेच दाखवले, फक्त इथे जागा एकच होती आणि बदल वीस वर्षांत डोळ्यांदेखत घडला.

खालून येणारा धोका

साखळीच्या वरच्या टोकाला राहण्याची एक किंमत असते, तिच्याबद्दल फार बोलले जात नाही. खालचे सारे विष, सारे रोग शेवटी वर पोचतात. टेटनच्या प्यूमांच्या रक्ताच्या तपासणीत जवळपास निम्म्या प्राण्यांत प्लेगचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, आणि काही प्यूमा प्लेगनेच मेलेले आढळले. प्लेग म्हणजे तोच, पिसवांमधून पसरणारा. अमेरिकेच्या पश्चिमेत तो उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत टिकून आहे. प्यूमा कुरतडणारे प्राणीही खातो, आणि बहुधा तिथूनच त्याला तो लागतो. चाळीस किलोंचे जनावर एल्क पाडते आणि उंदराच्या पिसवेने मरते.

दुसऱ्या रोगाची गोष्ट उलट दिशेची आहे, आणि जॅक्सनसाठी ती आज सर्वांत निकडीची. हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे मेंदू हळूहळू पोखरून जनावर झिजवून मारणारा रोग, २०१८ साली ग्रँड टेटनमध्ये एका म्यूल हरणात आणि २०२० च्या डिसेंबरात एल्कमध्ये सापडला. तो जंतूंनी होत नाही. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांनी होतो, आणि ती प्रथिने मातीत वर्षानुवर्षे टिकतात. त्यावर औषध नाही. जॅक्सन शहराला लागूनच १९१२ साली स्थापन झालेले राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान आहे. तिथे हिवाळ्यात हजारो एल्क जमतात आणि त्यांना चारा घातला जातो. राज्य सरकारचीही अशी चारा घालण्याची ठिकाणे आहेत. एकमेकांच्या लाळेत आणि विष्ठेत उभे राहून खाणाऱ्या हजारो हरणांत असा रोग शिरणे किती घातक, हे सांगायला नको.

इथे प्यूमाचे काम काय? कोलोरॅडोत केलेल्या अभ्यासात प्यूमांनी मारलेल्या म्यूल हरणांत हा रोग असण्याचे प्रमाण, त्याच भागात बंदूकवाल्यांनी मारलेल्या हरणांपेक्षा जास्त निघाले. दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याला सर्वांत आधी सापडते ते किंचित मंदावलेले, कान न टवकारणारे हरीण. माणसाला ते निरोगीच दिसते. पुढे २०२१ साली पिंजऱ्यातल्या प्यूमांना रोगी हरणाचे मांस खाऊ घालून त्यांच्या विष्ठेची तपासणी झाली. ९६ टक्क्यांहून अधिक प्रायॉन त्यांच्या पोटातून बाहेर आलेच नाहीत. प्यूमा हा रोग थोपवून धरेल, असा दावा यावरून करता येत नाही. हजारो एल्कांच्या जमावापुढे काही डझन प्यूमा किती पुरणार? पण जो प्राणी रोगी जनावर माणसाआधी ओळखतो आणि त्याचे विष बऱ्याच अंशी पोटात जिरवतो, तो निम्म्याने कमी होणे या क्षणी त्या खोऱ्याला परवडणारे नाही, असे मला ठामपणे वाटते.

एकटा, तरी एकटा नाही

एक भाग राहिला. प्यूमा म्हणजे दुसऱ्याचे तोंड न पाहणारा प्राणी, असे मानले जाई. टेटनच्या कॅमेऱ्यांनी प्यूमा-प्यूमांच्या गाठीभेटी शंभराहून जास्त वेळा टिपल्या, आणि त्यांतल्या अर्ध्याहून अधिक शिकारीपाशीच झाल्या होत्या. गुरगुरणे व्हायचे, फिस्कारणे व्हायचे, मग बरेचदा दोघेही त्याच एल्कवर जेवायचे. पूर्वी ज्याने आपल्याला खाऊ दिले त्याला नंतर खाऊ देण्याचा कल स्पष्ट दिसला. ही देवाणघेवाण नात्यातल्यांपुरती मर्यादित नव्हती. ज्या नराच्या हद्दीत त्या माद्या राहतात, तो या वर्तुळाच्या मध्यभागी असतो.

याचा अन्नसाखळीशी थेट संबंध आहे. मोठी शिकार दोघांत वाटली गेली तर अस्वल येण्याआधी तिचा जास्त भाग प्यूमांच्याच पोटात जातो, आणि पिल्लांच्या आईला एखादा आठवडा शिकारीची जोखीम टळते. आता विचार करा, शिकाऱ्याने बंदुकीने त्या भागातला मोठा नर टिपला. परवान्याच्या हिशेबात एक प्यूमा कमी. प्रत्यक्षात चार-पाच माद्यांमधले लागेबांधे विस्कटले, आणि नवा नर आला तर तो आधीच्या नराची पिल्ले मारण्याचाही संभव.

वायोमिंगमध्ये प्यूमाच्या शिकारीची मर्यादा विभागवार ठरते. लांडग्यांचे व्यवस्थापन वेगळ्या आराखड्यात होते, एल्कची मोजणी आणखी वेगळीकडे, चारा घालण्याचे निर्णय तिसरीकडे. जॅक्सन होलच्या डोंगरात मात्र हे सारे एकाच शिकारीभोवती येऊन मिळते. एखाद्या विभागात लांडग्यांचे कळप वाढले आणि एल्क घटले असतील, तर त्या वर्षी तिथली प्यूमाची मर्यादा खाली यायला हवी, आणि पिल्लू वाढवणाऱ्या वयातल्या माद्यांसाठी ती शून्यावर यायला हवी. त्यासाठी नवे शास्त्र लागत नाही. लांडग्यांचे कळप मोजलेले आहेत, एल्क दर हिवाळ्यात मोजले जातात, मारलेल्या प्रत्येक प्यूमाची तपासणी होते. हे तिन्ही आकडे एकाच टेबलावर, मर्यादा ठरवण्याच्या आधी ठेवायचे आहेत.